पंधराव्या होलचे सहा

नोव्हेंबर सरत आला की यवतमाळात सकाळचा कोरडा, गोडसर गारठा उतरतो. सोयाबीन घरात येऊन पडलेलं असतं, तुरी पिवळ्या फुलांनी वाकलेल्या असतात आणि कापसानं भरलेल्या ट्रॉल्या जिनिंगच्या रस्त्याला लागतात. माझ्या तरुणपणी बैलबंड्या असायच्या. त्या रांगेत उभ्या राहायच्या, बैलांच्या नाकातून वाफ निघायची, गाडीवान काट्याकुट्या पेटवून हात शेकत बसायचे. लोकांना हा हंगाम आवडतो. मलाही आवडायचा. आता मात्र तो आला की कापूस, हुरडा, सोलेभात यांच्या आधी मला एक वेगळाच वास आठवतो. वाळूत कालवलेल्या जळक्या मोटार-तेलाचा.

तो वास गोल्फचा आहे. यवतमाळात गोल्फ म्हटलं की माझी नातवंडं हसतात. पण होतं. गावाबाहेरच्या माळावर इंग्रज साहेबांनी नऊ होलचं एक मैदान आखून ठेवलं होतं. साहेब गेले, पत्र्याचं छप्पर असलेला क्लब, एक चांदीचा मुलामा दिलेला कप आणि नियमांचं एक फाटकं पुस्तक मागे राहिलं. चित्रात असते तशी हिरवळ आम्ही कधी पाहिलीच नाही. होलभोवती वाळूचं गोल अंगण असे, आणि ती वाळू वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यात तेल ओतलेलं असे. मैदानाच्या एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला कुणाची तरी तूर. मध्ये गुरं चरायची. चेंडू गाईच्या खुराच्या खड्ड्यात अडकला तर तो उचलायचा की तसाच मारायचा, यावर दोन शिकलेली माणसं अर्धा अर्धा तास भांडायची.

भांडण मिटवायचे बापूसाहेब. यवतमाळच्या वकिलांत ते सगळ्यांत वडील. मी नुकती सनद घेऊन त्यांच्याच हाताखाली लागलो होतो. क्लबचे सेक्रेटरीही तेच. कोर्टात ते जितके कडक, त्याहून मैदानावर. ते फाटकं पुस्तक त्यांच्या कोटाच्या खिशात असे. "खेळात पोलीस नसतो," ते म्हणायचे, "म्हणून खेळणाऱ्यानं स्वतःच स्वतःवर फिर्याद करायची असते." एकदा जंगल खात्याच्या एका साहेबांचं कार्ड चुकलं. एका होलवर सात फटके लागले असताना कार्डावर सहा होते, आणि खाली त्यांची सही होती. बापूसाहेबांनी त्यांना सरळ स्पर्धेतून बाद केलं. नियमच तसा. खेळाडूचे फटके त्याचा जोडीदार लिहितो, दोघं सही करतात, पण खरेपणाची जबाबदारी खेळाडूचीच. आकडा जास्त लिहिला गेला तर तो तसाच धरतात, कमी लिहिला गेला तर माणूस बाद. चूक कुणाची हे कोणी विचारत नाही. त्या दिवशी जंगलवाले साहेब कपाळावर हात मारून हसले, आम्हीही हसलो, कोणीतरी त्यांच्यापुढे चिवड्याची बशी सरकवली. विषय संपला.

हे एवढं सविस्तर सांगतोय, कारण नियम मला माहीत नव्हता असं मला कधीच म्हणता येणार नाही.

गजभिये डॉक्टर छप्पन्नच्या दसऱ्यानंतर दोनेक वर्षांनी यवतमाळला आले. गुरांचे डॉक्टर. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, काळेसावळे, सडपातळ, सायकलच्या हँडलला कातडी पिशवी अडकवलेली. शिष्यवृत्तीवर जबलपूरला शिकले होते. तिथल्या छावणीत पलटणीची खेचरं तपासायला जायचे, तेव्हा एका म्हाताऱ्या सुभेदारानं त्यांना गोल्फची काठी धरायला शिकवली. क्लबात नाव घालायचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं बापूसाहेबांकडे दिला. दोघा-तिघांनी कुरकुर केली. नाव काय, घराणं कुठलं, असं आडून आडून विचारलं. बापूसाहेबांनी पुस्तक खिशातून काढलं आणि म्हणाले, "यात तसला रकाना नाही." अर्ज मंजूर झाला. व्हरांड्यात चहाच्या वेळी गजभियेंच्या शेजारची खुर्ची मात्र बहुतेक रिकामी राहायची.

मी तिथे बसू लागलो. यात माझा मोठेपणा काही नव्हता. मला खेळ शिकायचा होता आणि त्यांच्याइतकं सुंदर कोणी खेळत नव्हतं. तो सबंध हिवाळा आम्ही सकाळी साडेसहाला मैदानावर असायचो. दवानं धोतराचा सोगा ओला व्हायचा, म्हणून त्यांनी मला विजार शिवायला लावली. चेंडू मारताना त्यांचं अंग वाऱ्यावर वळणाऱ्या पातीसारखं वळायचं. चेंडू तुरीत गेला की आम्ही दोघं शोधत आत शिरायचो आणि शेंगा सोलत बाहेर यायचो. ते बोलायचे तेव्हा वऱ्हाडीत बोलायचे, शिकल्यावरही त्यांनी ती टाकली नव्हती.

"माह्या बापानं जलमभर मेलेली ढोरं ओढली, वकीलसाहेब," एकदा नाल्याच्या काठावर बसून ते म्हणाले. "नागपूरहून दीक्षा घेऊन आला, पांढरं धोतर नेसून. उंबऱ्यावरच मायले म्हणाला, आजपासून हे बंद. दुसऱ्या दिवशी पाटलाचा बैल मेला. बोलावणं आलं. बाप गेला नाही. तीन दिस गावातल्या कोन्त्याच दुकानदारानं आम्हाले मीठ देल्लं नाही."

"मग?"

"मंग काय. अळणी खाल्लं."

आमचं घर कळंबजवळच्या एका खेड्यात. साठ एकर कापूस-तूर. त्याच साली आमच्याही गोठ्यातला एक बैल मेला होता, आणि दोन दिवस तसाच पडून होता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते अजून धुमसत होते. मी डॉक्टरांबरोबर खेळतो हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते जेवता जेवता म्हणाले, "मेलेलं ढोर उचलत नाहीत, जितं तपासाले येतात. अन् आता तुमच्या संगं चेंडू खेळून राह्यले. चांगलं हाय." मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. त्या वाक्याला उत्तर देण्याची ती एक वेळ होती. माझी पुढली चूक त्या ताटापासूनच सुरू झाली असावी, असं मला अलीकडे वाटतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी कपाचा सामना असायचा. नऊ होल दोनदा, म्हणजे अठरा. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी जोडी गजभियेंशी पडली. त्यांचं कार्ड मी लिहायचं, माझं त्यांनी. त्या दिवशी मी जन्मात खेळलो नाही असा खेळलो. चौदा होल झाले तेव्हा त्यांच्या मागे तीनच फटके होतो. कप मिळेल असं मला पहिल्यांदा वाटलं, आणि वाटलं तसा खेळ बिघडला. पंधराव्या होलवर माझा चेंडू तुरीत गेला. मी चिडून झाडं बाजूला सारत होतो. डॉक्टरांचा चेंडू नाल्याच्या कडेला गवतात होता. त्यांनी चेंडूमागे काठी टेकवली आणि चेंडू घरंगळला. बोटाच्या पेराएवढा. मला दिसला नाही, कुणालाच दिसला नसता.

"वकीलसाहेब," त्यांनी तिथूनच आवाज दिला, "चेंडू हालला. एक दंड मांडा माह्यावर."

मी तुरीतून मान वर केली, हात हलवला, मान डोलावली. माझा चेंडू सापडला, मी तो कसाबसा बाहेर काढला. होल संपला. त्यांचे पाच फटके मी मनाशी मोजले होते. दंड धरून सहा. पुढच्या होलकडे चालता चालता मी पेन्सिलीनं पाच लिहिलं. हे मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी ती निव्वळ चूक होती. डोक्यात माझाच चेंडू होता.

अठरा होल संपल्यावर आम्ही निंबाखाली बसलो. मी बेरीज करत होतो. त्यांचे त्र्याऐंशी, माझे शहाऐंशी. बेरीज पुन्हा तपासताना बोट पंधराव्या रकान्यावर आलं आणि मला आठवलं. चेंडू हालला, दंड मांडा. पेन्सिल हातातच होती. पाचाचे सहा करायचे, त्र्याऐंशीचे चौऱ्याऐंशी. तरीही ते दोन फटक्यांनी जिंकतच होते.

तेवढ्यात लोहाऱ्याहून एक शेतकरी धापा टाकत सायकलवर आला. गाय अडली होती, वासराचे पाय बाहेर आले होते. डॉक्टर उठले, पिशवी उचलली. "कार्ड?" मी म्हणालो. ते परत वळले, उभ्या उभ्या माझ्या पाठीवर कार्ड टेकवून सही करू लागले.

"सारं बराबर पाह्यलं नं, वकीलसाहेब?"

"हो," मी म्हणालो. "करा सही."

त्यांच्या पेनचं टोक माझ्या पाठीवर फिरलं. ते गेले. कार्ड अर्धा तास माझ्या खिशात होतं. त्या अर्ध्या तासात मी स्वतःला काय काय समजावलं, ते आज लिहायलाही लाज वाटते. एक फटका कमी लिहिला म्हणजे त्यांचा फायदाच केला, असं समजावलं. सही झालेल्या कार्डावर खाडाखोड बरी दिसत नाही, असं समजावलं. पण जंगलवाले साहेब कसे बाद झाले ते मला आठवत होतं, आणि आठवतंय हेही मला कळत होतं. मी दोन्ही कार्डं बापूसाहेबांच्या टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेलो.

संध्याकाळी पाचला क्लबच्या खोलीत निकाल. बापूसाहेबांची पद्धत अशी, की पहिल्या दोघांचं कार्ड ते होलागणिक मोठ्यानं वाचायचे. डॉक्टर तोवर परतले होते. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, अंगाला फिनेलचा वास, चेहरा उजळलेला. "कालवड झाली," त्यांनी मला हळूच सांगितलं. बापूसाहेब वाचत होते. तेराव्याला चार. चौदाव्याला पाच. पंधराव्याला पाच.

"नाही साहेब," गजभिये उभे राहिले. "पंधराव्याला माझे सहा आहेत. नाल्याजवळ चेंडू हलला होता. एक दंड."

ते बोलले नसते तर कोणाला काही कळलंच नसतं. कप त्यांचा होता. बापूसाहेबांनी चष्मा काढला.

"डॉक्टर, खाली सही तुमची आहे."

"हो साहेब. घाईत केली. ती चूक माझीच. पण दंड मी तिथल्या तिथे सांगितला होता."

बापूसाहेब माझ्याकडे वळले. त्यांनी कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं, शांतपणे विचारलं, "त्यांनी दंड सांगितला होता का?"

मी वकील होतो. प्रश्न किती छोटा आहे आणि त्यावर काय काय टांगलेलं आहे, हे ओळखणं हाच माझा धंदा. 'हो' म्हटलं असतं तरी नियमानं ते बादच झाले असते. कप तरीही मलाच मिळाला असता. मला फक्त एवढंच कबूल करावं लागलं असतं, की मी ऐकलं आणि तरी पाच लिहिले. जंगलवाल्या साहेबांसारखे डॉक्टरही कपाळावर हात मारून हसले असते. कदाचित कोणी चिवड्याची बशीही सरकवली असती.

"मला ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

गजभियेंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या जनावराला नेमकं कुठे दुखतंय ते हातानं चाचपून पाहावं, तसं काहीतरी त्या पाहण्यात होतं. मग ते खाली बसले. मागून सूतगिरणीचे एक साहेब म्हणाले, "पकडला जाईल असं वाटलं म्हणून बोलला, झालं." कोणीतरी म्हणालं, "शेवटी रक्त कुठं जातं?" हे अगदी हळू होतं, पण खोली लहान होती. बापूसाहेबांनी निकाल सांगितला, कप माझ्या हातात दिला आणि गजभियेंशी हात न मिळवताच ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्या कपाला धरायला दोन कान होते. ते थंडगार लागले एवढं आठवतं.

डॉक्टर पुन्हा क्लबात आले नाहीत. मी एकदा त्यांच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. आत ते एका बकरीच्या तोंडात औषध ओतत होते. मी परत फिरलो. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली.

माझं पुढे सगळं चांगलं झालं. वकिली चालली, लग्न झालं. पण साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून "मला ऐकू आलं नाही" म्हणाला, की माझी उलटतपासणी एकदम ढिली पडायची. बापूसाहेबांनी एकदोनदा हटकलंही. घरी बायको चिंच लावून कप घासायला काढी, तेव्हा मी बाहेर जाऊन बसायचो. तिला वाटायचं, मला चिंचेचा वास आवडत नाही.

चौसष्टच्या सुमारास एका खटल्यासाठी उमरखेडला गेलो होतो. तिथून ढाणकीला एका पक्षकाराकडे. बाजाराचा दिवस होता. गुरांच्या बाजारात एका कडूनिंबाखाली लस टोचायचं काम चाललं होतं, आणि सुई हातात घेतलेला माणूस गजभिये होते. केस थोडे पिकलेले. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"या वकीलसाहेब. बसा. एवढे चार बैल राह्यले."

मी बसलो. चार बैल झाले. त्यांनी हात धुतले, दोन चहा मागवले. मी पेल्याला तोंड न लावता म्हणालो, "डॉक्टर, त्या दिवशी मी ऐकलं होतं."

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "तुम्ही मान हालवली होती."

"मी खोटं बोललो."

"हो."

मी वाट पाहत होतो. त्यांनी शिवी द्यावी, नाहीतर जाऊ द्या म्हणावं. पाच वर्षं मी या दोन्ही गोष्टी ऐकायची तयारी करत आलो होतो. त्यांनी चहा संपवला, पेला उलटा ठेवला.

"मले सांगून काय फायदा? मले तं पहिल्यापासून माहीत हाय," ते म्हणाले. "ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा नं."

आणि ते नुकत्याच आलेल्या एका बैलाकडे गेले.

गावी परतल्यावर मी आधी आबांना सांगितलं. का कोण जाणे, तेच सोपं वाटलं. आबा सुपारी कातरत होते. "इतकं मनाले काहून लावून घेतलं?" ते म्हणाले. "खेळच तं होता." मी म्हणालो, "आबा, ते आपल्यासारख्यांचे बैल जिते ठेवतात." आबांचा अडकित्ता थांबला नाही. पण त्या वेळी मी मान खाली घातली नाही, एवढंच.

बापूसाहेबांना सांगायला मला आणखी तीन महिने लागले. ते आता थकले होते, व्हरांड्यात उन्हात बसायचे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "खरं सांगितलं असतंस तरी निकाल तोच लागला असता. मग खोटं कशासाठी बोललास?"

मी उठून उभा राहिलो, कोर्टात राहतो तसा.

"मी त्यांच्याशी हात मिळवला नाही," ते म्हणाले. "तुझ्या शब्दावर." मग काठी टेकत आत गेले. त्या दिवशी त्यांच्या घरातून मी पहिल्यांदा चहा न घेता निघालो. पुढे ते मला वाईट वागवत होते असं नाही. पण कोर्टात माझी ओळख करून देताना ते 'माझा ज्युनिअर' म्हणायचे, ते म्हणणं त्यांनी सोडलं.

मी गजभियेंना पोस्टकार्ड लिहिलं: आबांना सांगितलं, बापूसाहेबांना सांगितलं. मनात कुठेतरी होतं की आता ते दोन बरे शब्द लिहितील. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, कार्यालयीन निळ्या शाईत, शुद्ध पुस्तकी मराठीत:

'आपले वडील त्या खोलीत नव्हते, त्यामुळे ते धरता येत नाहीत. बापूसाहेब एक झाले. खोलीत आपण व मी सोडून अकरा जण होते.'

मी ते कार्ड पुष्कळ वेळा वाचलं. आधी राग आला. मग लक्षात आलं, या माणसानं त्या संध्याकाळी उभं राहून स्वतःवर फिर्याद करताना, खोलीत आपल्याकडे पाहणारे किती चेहरे आहेत ते मोजले होते. ते तो अजून विसरला नव्हता. त्यानं ते विसरावेत अशी अपेक्षा करणारा मी कोण?

मग मी एकेकाला शोधू लागलो. सरकारी माणसांच्या बदल्या झालेल्या, विदर्भ महाराष्ट्रात आल्यावर कोणी पुण्याला, कोणी मध्य प्रदेशात गेलेले. जंगलवाले साहेब अमरावतीला सापडले, त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "अरे, मलाही आठवतं, मी त्यांच्याकडे पाहणं टाळलं होतं." सूतगिरणीवाल्या साहेबांकडे गेलो, तर ते खो खो हसले, "एवढ्यासाठी गाडीभाडं खर्च केलंस?" म्हणाले. एकानं तोंडावर दार लावलं. एकाला तो दिवसच आठवत नव्हता. त्याला आधी सगळं आठवून द्यावं लागलं, आणि मग ते खोटं होतं असं सांगावं लागलं. प्रत्येक वेळी मी गजभियेंना एक ओळ लिहायचो: अमुक यांना सांगितलं. त्यांचं उत्तर कधी आलं नाही. कार्ड परतही कधी आलं नाही.

मैदान केव्हाच गेलं. तिथे सरकारी वस्ती उठली, तेल कालवलेली वाळू कुणाच्या तरी पायाभरणीत गेली. खेळही मी सोडला. हंगाम मात्र दरवर्षी येतो, आणि दर हंगामात मी नावांची यादी मनाशी म्हणतो. अकरापैकी सात जणांपर्यंत मी पोचलो. उरलेले चार मी पोचण्याच्या आधीच वारले. त्यांतल्या एकाच्या मुलाला मी भेटलो, सगळं सांगितलं. तो सभ्यपणे ऐकत राहिला, पण गजभिये हे नाव त्यानं कधी ऐकलेलंच नव्हतं.

ते चौघं सज्जन होते. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. गजभिये नावाचा एक माणूस खोटारडा होता, असं समजूनच ते गेले.